डिफेन्सवाल्याचा हात सुटला तर बाकावर किती बसवायचं? (कॉलेज फुटबॉल)

शनिवारकर:
नमस्कार मंडळी. इथं अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे हेल्मेट घालून अंगावर जायचं फुटबॉल, पायानं खेळायचं नव्हे.

गेले काही दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. डिफेन्सच्या पोरांना आपण काय शिकवतो? की समोरच्याला असा धडक की पुढच्या वेळी बॉल घ्यायच्या आधी त्याची नजर तुला शोधायला पाहिजे. आणि शिट्टी वाजली की त्याच पोराने एका सेकंदात थंड व्हायचं. बहुतेक पोरं होतातही. पण कधीतरी एखाद्याचा हात सुटतो. तेव्हा शिक्षा किती आणि ती द्यायची कोणी?

२००९ चा एकच सीझन घ्या. ३ सप्टेंबरला बॉयसीत ऑरेगन १९-८ हरली. सामना संपल्या संपल्या बॉयसी स्टेटचा डिफेन्सिव्ह एंड (डिफेन्सच्या पुढच्या रांगेत कडेला असतो तो) बायरन हाउट ऑरेगनच्या लगॅरेट ब्लाउंटच्या खांद्यावर हात मारून काहीतरी बोलला आणि ब्लाउंटने तिथंच त्याच्या जबड्यावर ठोसा ठेवून दिला. ऑरेगनच्या चिप केलींचा मुख्य कोच म्हणून तो पहिलाच सामना. दुसऱ्या दिवशी ब्लाउंट अख्ख्या सीझनसाठी बाद (नोव्हेंबरमध्ये परत घेतलं, ते पुढचं). त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला फ्लोरिडा-जॉर्जिया. फ्लोरिडाचा लाइनबॅकर (पुढच्या रांगेच्या मागे उभा असतो तो) ब्रँडन स्पाइक्सने माणसांच्या ढिगात जॉर्जियाच्या वॉशॉन ईलीच्या हेल्मेटच्या जाळीतून डोळ्यांकडे बोटं घातली. टीव्हीवर स्वच्छ दिसलं. शिक्षा? त्यांचा कोच अर्बन मायरने पुढच्या व्हँडरबिल्टच्या सामन्याचा पहिला हाफ बसवलं. अर्धा सामना! ओरड झाल्यावर स्पाइक्स स्वतःच म्हणाला की मी पूर्ण सामना बसतो.

म्हणजे ठोशाला सीझन आणि डोळ्यात बोटांना अर्धा सामना. माप कुठलं लावायचं? आणि ज्याने आधी डिवचलं त्याचं काय? हाउटला तर एकही सामना बसावं लागलं नाही. मनापासून विचारतोय, लिहा.

रात्रपाळी:
पुण्यातून हजर. तुमचा दुपारी साडेतीनचा सामना म्हणजे आमच्याकडे रात्रीचा एक. बायको म्हणते देव्हाऱ्यातला दिवा आणि तुझा लॅपटॉप दोन्ही रात्रभर तेवतात. वाचतोय.

पिवळं_फडकं:
"आधी डिवचलं त्याचं काय" हा प्रश्न मला दर शुक्रवारी रात्री कोणा ना कोणाचा बाप कुंपणापलीकडून विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी टेक्सासमध्ये हायस्कूलच्या सामन्यांना अंपायर असतो, ११ वर्षं झाली. (फुटबॉलमध्ये रेफरी वेगळा, अंपायर वेगळा. अंपायर डिफेन्सच्या बाजूला, लाइनबॅकरांच्या आसपास उभा असतो, त्यामुळे ढिगाच्या सगळ्यात जवळ मीच.) टेक्सासमध्ये हायस्कूललाही थोडे फेरफार करून कॉलेजचेच नियम वापरतात, त्यामुळे पुस्तक पाठ आहे.

खरं सांगू का, पहिला धक्का मला बहुतेक वेळा दिसतच नाही. माझी नजर समोरच्या सेंटर आणि गार्डवर, ते कोणाला धरतायत का ते बघत असतो. मागे काहीतरी होतं, आवाज बदलतो, मी मान वळवतो, तोवर पहिल्याचं काम झालेलं असतं आणि दुसऱ्याचा हात हवेत असतो. कमरेचं पिवळं फडकं (फ्लॅग, नियम मोडल्याची खूण) निघतं ते दुसऱ्यासाठी. पोराच्या बापाच्या दृष्टीने हा अन्याय आहे हे मला समजतं, पण न बघितलेल्या गोष्टीवर मी फडकं टाकू शकत नाही. म्हणून सामन्याआधी कॅप्टनांना सांगतो की बाबांनो, दुसरा सापडतो, तेव्हा दुसरे होऊ नका.

आता मापाचं. कॉलेजच्या पुस्तकात मारामारीचा नियम सरळ आहे. पहिल्या हाफमध्ये केली तर उरलेला सामना बाहेर. दुसऱ्या हाफमध्ये केली तर उरलेला सामना आणि शिवाय पुढच्या सामन्याचा पहिला हाफ. ही झाली जमीन. त्यावर मजले किती चढवायचे ते कॉन्फरन्स (एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) आणि कोच ठरवतात. शनिवारकर, तुम्हाला जी तफावत दिसते ती या वरच्या मजल्यांची.

मिशिगनची_मावशी:
विषय काढलाच आहे तर ऐका. १५ ऑक्टोबर २०११, ईस्ट लान्सिंग, मिशिगन विरुद्ध मिशिगन स्टेट. नवऱ्याच्या ऑफिसातून तिकिटं मिळाली होती म्हणून आम्ही तिथं होतो, आमची पिवळी-निळी मफलरं घालून त्यांच्या हिरव्या गर्दीत. स्टेटचा डिफेन्सिव्ह एंड विल्यम घोल्स्टन, त्याने आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) डेनार्ड रॉबिन्सन खाली पडलेला असताना त्याचं हेल्मेट धरून मान पिरगाळली. नंतर आमच्या टेलर लुअनला ठोसा. त्या एका सामन्यात स्टेटच्या १३ पेनल्ट्या, १२४ यार्ड. आणि तरी २८-१४ जिंकले!

मला त्या पोरापेक्षा राग कशाचा आला सांगते. सामना झाल्यावर त्यांच्या डिफेन्सच्या कोऑर्डिनेटरने साठ मिनिटं दांडगाई करायची हाच आमचा बेत होता अशा अर्थाचं अभिमानाने सांगितलं. अहो मोठा माणूस असं बोलतो तेव्हा वीस वर्षांच्या पोराने काय समजायचं? बिग टेनने, म्हणजे आमच्या कॉन्फरन्सने, घोल्स्टनला एक सामना बसवलं, बोलणाऱ्याला कोणी बसवलं नाही. आणि तो एक सामना, विस्कॉन्सिनचा, त्यातही स्टेटने शेवटच्या प्लेला ४४ यार्डांवरून आकाशात बॉल फेकून ३७-३१ असा जिंकला. शिक्षा टीमला जाणवलीसुद्धा नाही.

एक_चहा:
मावशी, चौदा वर्षं झाली.

मिशिगनची_मावशी:
@एक_चहा मान पिरगाळताना मी समोर बसले होते. चाळीस वर्षांनीही सांगेन.

कोपरारक्षक:
मला हे फुटबॉल फारसं कळत नाही, मुलगा लावतो तेव्हा बघतो. पण पकडीचा खेळ कळतो. सांगलीकडे कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळलो चार वर्षं, डावा कोपरा.

वरचं "डिफेन्सला चिडवूनच खेळवतात" हे मला पटत नाही. कोपऱ्यावरचा माणूस चिडला की कामातून गेला. चढाईपटू बोनसला पाय टाकतो तेव्हा तुमची नजर त्याच्या घोट्यावर हवी. राग आला की नजर घोट्यावरून निघते आणि त्याच्या तोंडाकडे जाते. तो गालात हसत असतो. मग तुम्ही वेळेआधी झेपावता आणि तो तुमच्यासकट अजून एकाला बाद करून जातो. डिफेन्स म्हणजे वाट बघणं. राग आलेल्याला वाट बघता येत नाही.

एकदा आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्यात समोरच्याने मला आईवरून शिवी दिली. पुढच्या चढाईला मी पकड करताना त्याचे केस धरले. पंचांनी ताकीद दिली आणि खेळ पुढे चालू. पण आमच्या सरांनी हाक मारून मला बाहेर घेतलं, माझ्या जागी सगळ्यात कच्चा पोरगा उतरवला. तीन गुणांनी हरलो. परतीच्या एसटीत माझ्याशी कोणी बोलेना. सरांनी मला त्यांच्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि विट्यापर्यंत शेंगा सोलून देत होते, एक शब्द नाही. पंचाची ताकीद मी केव्हाच विसरलो असतो. शेंगा अजून आठवतात.

अनुजा_डॅलस:
@कोपरारक्षक काय सुंदर लिहिलंत. पण सर आज असते तर पालकांनी कॉलेजात अर्ज दिला असता की आमच्या पोराला का काढलं.

गेटर_गल्ली:
टँपाहून लिहितोय. स्पाइक्सचं आम्हा फ्लोरिडावाल्यांना ऐकून घ्यावंच लागतं, ते चूकच होतं. पण कोपरारक्षकांचा मुद्दा वाचून मला बूट आठवला. ज्यांना माहीत आहे त्यांच्या पोटात कळ आली असेल.

१२ डिसेंबर २०२०, गेन्सव्हिल, रात्रीचा सामना, मैदानावर धुकं उतरलेलं. फ्लोरिडा सहाव्या नंबरवर, एलएसयूचा (लुइझियाना स्टेट) तो सीझन पार गाळात गेलेला. तरी ३४-३४, शेवटची दोन मिनिटं. एलएसयूचा थर्ड डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींतली तिसरी. आमचा कॉर्नरबॅक मार्को विल्सनने पास झेललेल्या त्यांच्या टाइट एंडला आणखी एकाच्या जोडीने पहिल्या डाउनच्या रेषेच्या अलीकडेच पाडला. काम फत्ते, आता ते पंट करणार (लाथेने बॉल लांब मारून देणार), बॉल आमच्याकडे येणार, आमचा क्वार्टरबॅक काइल ट्रास्क तयार. आणि त्या झटापटीत टाइट एंडचा बूट निघून विल्सनच्या हातात आला. आनंदाच्या भरात त्याने तो बूट जो भिरकावला तो वीस यार्ड लांब. मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होतो आणि खालच्या कोपऱ्यात पिवळा चौकोन दिसला, फ्लॅग. १५ यार्ड आणि फर्स्ट डाउन, म्हणजे त्यांच्या संधी परत पहिल्यापासून. पुढे केड यॉर्कने ५७ यार्डांवरून किक मारली, धुक्यात गोलपोस्टसुद्धा धड दिसत नव्हते, आणि ती आत गेली. ३७-३४. आम्हाला बरोबरी करायला ५१ यार्डांची संधी मिळाली, ती हुकली.

सांगायचा मुद्दा, त्याने कोणाला मारलं नाही, शिवी दिली नाही, रागसुद्धा नव्हता. उत्तम डिफेन्स खेळून झाल्यावरचे दोन सेकंद सांभाळता आले नाहीत. शिस्त म्हणजे नुसता हात न उचलणं नव्हे.

ह्यूस्टनकर:
@गेटर_गल्ली माझ्या टीममधला लुइझियानाचा एक जण त्या आठवड्यात एकच बूट घालून झूम कॉलवर आला होता, दुसरा कॅमेऱ्यासमोर धरून.

गेटर_गल्ली:
@ह्यूस्टनकर 😭

रात्रपाळी:
मला एक सांगा, टार्गेटिंग म्हणतात ते पण यातच येतं का? परवा एक पोरगा हेल्मेट काढून मान खाली घालून आत जाताना दाखवला, त्याने काही मारामारी केलेली दिसली नाही, साधा टॅकल तर होता.

पिवळं_फडकं:
@रात्रपाळी चांगला प्रश्न. टार्गेटिंग वेगळं आणि मारामारी वेगळी, लोक गल्लत करतात. हेल्मेटच्या टाळूने कोणालाही जोराने धडकणं, किंवा जो स्वतःला सावरू शकत नाही अशाच्या डोक्यामानेवर जाणं, हे टार्गेटिंग. पेनल्टी २००८ पासून आहे, खेळाडूला बाहेर काढणं २०१३ पासून. तेव्हाच असंही ठरलं की दुसऱ्या हाफमध्ये झालं तर पुढच्या सामन्याचा पहिला हाफही जाणार. २०१९ पासून रिप्लेवाल्यांना सगळे मुद्दे पक्के दिसले तरच निर्णय राहतो, शंका असली तर रद्द. आणि २०२२ पासून दुसऱ्या हाफमधल्या निर्णयावर कॉन्फरन्समार्फत अपील करता येतं.

यात हेतू बघत नाहीत. मेंदूला मार लागू नये म्हणून हा नियम, पोराचा स्वभाव सुधारायला नाही.

बकआय_वहिनी:
हेतू बघत नाहीत हेच तर दुखणं आहे! २८ डिसेंबर २०१९, फिएस्टा बोल (बोल म्हणजे सीझन संपल्यावरचे खास सामने), ओहायो स्टेट विरुद्ध क्लेमसन, सेमीफायनल. आम्ही १६-० पुढे. क्लेमसनचा थर्ड डाउन, आमचा शॉन वेड ब्लिट्झला गेला, म्हणजे थेट क्वार्टरबॅकवर धावला, आणि ट्रेव्हर लॉरेन्सला सॅक केलं, पास टाकायच्या आधीच पाडलं. घरात आम्ही सगळे सोफ्यावर उभे. आणि मग रिप्ले. वेडने डोकं खाली घातलं होतं, लॉरेन्सही शेवटच्या क्षणी खाली वाकला, हेल्मेटला हेल्मेट लागलं. वेड बाहेर, त्यांना फर्स्ट डाउन, त्याच ड्राइव्हला टचडाउन. शेवटी २९-२३ हरलो. त्या पोराच्या मनात राग नव्हता, काही नव्हतं. ब्लाउंटने जबड्यावर ठोसा मारला आणि वेडने सॅक केलं, दोघेही बाहेर जाताना सारखेच दिसतात टीव्हीवर.

पिवळं_फडकं:
वहिनी, तुमचं दुःख मान्य, पण लॉरेन्स बराच वेळ जमिनीवर पडून होता हेही आठवा. क्लेमसनचा लाइनबॅकर जेम्स स्काल्स्की बघा. १३ जानेवारी २०२० ची फायनल, एलएसयूविरुद्ध टार्गेटिंग, बाहेर. पुढच्याच वर्षी १ जानेवारी २०२१ ला शुगर बोल, तुमच्याच जस्टिन फील्ड्सच्या बरगड्यांवर हेल्मेट घातलं, परत बाहेर. त्याच्याही मनात राग नव्हता. पण डोकं खाली घालून जायची सवय होती, आणि ती सवय समोरच्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या मानेला जास्त धोक्याची.

ह्यूस्टनकर:
२०१८ ला एलएसयूचा डेव्हिन व्हाइट मिसिसिपी स्टेटविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये टार्गेटिंगला गेला, म्हणजे पुढचा अलाबामाचा पहिला हाफ बाहेर. लोकांनी त्याला सोडा म्हणून थेट बर्मिंगहॅममध्ये, जिथं एसईसीचं (एलएसयूच्या कॉन्फरन्सचं) ऑफिस आहे तिथं, बिलबोर्ड लावले. अलाबामाने २९-० धुतलं ते धुतलंच.

जुना_भिडू:
तुम्ही सगळे एकेका पोराचं बोलताय. मी अख्ख्या टीमचं सांगतो. मी तेव्हा क्लेमसनला एमएस करत होतो. २० नोव्हेंबर २००४, घरचं मैदान, समोर साउथ कॅरोलायनाची टीम. आदल्याच रात्री डेट्रॉइटच्या बास्केटबॉल सामन्यात खेळाडू प्रेक्षकांत घुसून मारामारी झाली होती, दिवसभर सगळ्या टीव्हींवर तेच फिरत होतं. आमचा सामना २९-७ जिंकत आणला आणि शेवटी शेवटी जी जुंपली, दोन्ही बाकं रिकामी. हेल्मेटं उडतायत, पडलेल्याला लाथा. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, केशरी जर्किन, सामनाभर ओरडत होते. ते खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

दोन्ही शाळा (म्हणजे कॉलेजं) ६-५ होत्या, सहा जिंकलेले, पाच हरलेले, दोघींनाही बोल गेम मिळाला असता. दोघींनी स्वतःहून सांगितलं की आम्ही यंदा बोल खेळणार नाही. साउथ कॅरोलायनाच्या लू होल्ट्झचा तिथला तो शेवटचा सामना ठरला. कॉन्फरन्सने सांगायची वाट बघितली नाही. माझ्या मते हेच माप. १९७८ च्या गेटर बोलमध्ये ओहायो स्टेटच्या वुडी हेजनी इंटरसेप्शन घेतलेल्या (त्यांचा पास मधेच झेललेल्या) क्लेमसनच्या चार्ली बाउमनला बाजूच्या रेषेवर मारलं तेव्हा शाळेने दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. एवढा मोठा कोच, एका दिवसात.

अनुजा_डॅलस:
@जुना_भिडू नाही पटलं. क्लेमसनमध्ये त्या मारामारीत नसलेले किती सीनियर असतील? चार वर्षं पहाटे उठून वजनं उचलली आणि शेवटचा सामना दुसऱ्याच्या लाथेपायी गेला. वर्गात एकाने दंगा केला म्हणून सगळ्यांना उन्हात उभं करणारे मास्तर मला तेव्हाही आवडले नव्हते.

जुना_भिडू:
अनुजा, त्यातला एक माझ्या लॅबमध्ये अर्धवेळ काम करायचा. मारामारीत नव्हता. तोही वैतागला होता, खोटं कशाला सांगू. पण दोन्ही बाकं रिकामी झाली होती, मारलं नाही त्यांनीही धावत जाऊन गर्दी केली होती.

मिशिगनची_मावशी:
मग २०२४ चं काय ते पण येऊ दे. वहिनी, तुम्हीच लिहा, तुम्ही तिथं होतात ना?

बकआय_वहिनी:
होते. ३० नोव्हेंबर, कोलंबस, हाडं गोठवणारी थंडी. मिशिगनकडून १३-१० हरलो, तेही आमची टीम एवढी तगडी असताना. ते अजून पचलं नाहीये, पण धाग्यापुरतं सांगते. मिशिगनची पोरं मैदानाच्या मधोमध काढलेल्या 'ओ' अक्षरावर झेंडा घेऊन आली, आमचा डिफेन्सिव्ह एंड जॅक सॉयर धावत गेला आणि त्याने झेंडा खेचला, मग एकच कालवा. पोलिसांनी मिरीचा फवारा मारला. वरून आम्हाला फक्त पोरं डोळे धरून बाजूला होताना दिसली. माझ्या शेजारची मुलगी बँडमधल्या भावाला फोन लावत होती आणि तो उचलत नव्हता, पंधरा मिनिटं. तो बरा होता. पण ती पंधरा मिनिटं माझ्या लक्षात आहेत.

बिग टेनने दोन्ही शाळांना एकेक लाख डॉलर दंड केला. आणि तोच सॉयर १० जानेवारीला टेक्सासविरुद्ध कॉटन बोलमध्ये बॉल हिसकावून ८३ यार्ड धावला, २८-१४, आणि पुढे नोट्रडेमला ३४-२३ हरवून आम्ही चँपियन. त्याला झेंड्यापायी बसवलं असतं तर? मी प्रामाणिकपणे सांगते, मला हा प्रश्न आवडत नाही.

मिशिगनची_मावशी:
वहिनी, मीही प्रामाणिकपणे सांगते. त्या दिवशी आमच्या डिफेन्सने तुमच्या त्या ऑफेन्सला दहावर रोखलं, विल जॉन्सन खेळत नसताना. मेसन ग्रॅहॅम, केनेथ ग्रँट, काय खेळली ती दोघं. त्याच्याबद्दल लोकांनी महिनाभर बोलायला हवं होतं, आणि बोलले ते झेंड्याबद्दल. आमच्या पोरांनी झेंडा घेऊन सरळ आपल्या लोकांकडे जायला हवं होतं.

बकआय_वहिनी:
🙏 दिवाळीला या कोलंबसला. निळं सोडून काहीही घालून.

एक_चहा:
मिशिगन आणि ओहायो एका धाग्यावर गोड बोलतायत. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

अनुजा_डॅलस:
शनिवारकर कुठं गेले? प्रश्न टाकून गायब.

शनिवारकर:
आहे, सगळं वाचतोय. काही प्रतिसाद दोनदा वाचले. आता मूळ कारण लिहितो, आधीच लिहायला हवं होतं.

माझा मुलगा ओहायोतल्याच एका छोट्या कॉलेजात डिव्हिजन थ्रीला खेळतो, सेफ्टी, म्हणजे डिफेन्समध्ये सगळ्यात मागे. तिथं खेळाची स्कॉलरशिप नसते, पोरं हौसेने खेळतात, स्टँडमध्ये पाच-सहाशे माणसं. दोन शनिवारांपूर्वी तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने एक पास अडवला, छान अडवला. शिट्टी झाली. समोरच्या रिसीव्हरने उठता उठता त्याच्या मांडीवर पाय दिला आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते मुलगा मला सांगत नाही. मी वरून थर्मासचं झाकण लावत होतो, वर बघितलं तर माझ्या पोराने एका हाताने त्याची जाळी धरलेली आणि दुसऱ्याने हेल्मेटवर ठोसा. फडकं पडलं, बाहेर काढलं. पिवळं_फडकं म्हणतात तसं, दुसरा सापडला.

नियमाने उरलेला सामना आणि पुढचा पहिला हाफ. कोचने त्यावर वाढवून पूर्ण दोन सामने बसवलं. त्या रिसीव्हरला काही नाही. मी रविवारी कोचला पत्र लिहायला घेतलं, अजून पाठवलेलं नाही. म्हणून हा धागा. दोन सामने जास्त नाहीत का?

गेटर_गल्ली:
जास्त आहेत. डिव्हिजन थ्रीचा सीझन दहा सामन्यांचा. दोन म्हणजे पाचवा हिस्सा. आणि पहिलाच गुन्हा.

जुना_भिडू:
पत्र पाठवू नका. वीस वर्षांचा आहे, त्याला म्हणायचं असेल तर तो म्हणेल.

मिशिगनची_मावशी:
मी एक वेगळं विचारते. कोचने सीझनच्या आधी पोरांना सांगितलं होतं का की हात उचलला तर दोन सामने? सांगितलं असेल तर बोलायला जागा नाही. रागाच्या भरात ठरवलं असेल तर तोही दुसराच, सापडला नाही इतकंच.

पिवळं_फडकं:
मावशींशी सहमत. आणि व्हिडिओ असेल, प्रत्येक कॉलेज सामना शूट करतं. पहिला पाय त्यात दिसत असेल तर कोचने तो कॉन्फरन्सकडे पाठवावा. ते कोचचं काम, बापाचं नाही.

हाडांची_डॉक्टर:
बाकीचं नंतर. हेल्मेटवर नुसत्या मुठीने ठोसा मारला ना? हाताचा एक्सरे काढला का? करंगळीच्या बाजूला तळहाताच्या मागे सूज आहे का, मूठ वळल्यावर करंगळीच्या मुळाशी असतो तो उंचवटा बाकीच्यांपेक्षा आत गेलेला दिसतो का? असेल तर आजच दाखवा, प्लीज. पोरं हे लपवतात.

शनिवारकर:
डॉक्टर, तो म्हणतो दुखत नाही. आता व्हिडिओ कॉल करून मूठ वळायला सांगतो.

शनिवारकर:
उंचवटा नाही. म्हणजे जिथं तो हवा तिथं खळगा आहे. दोन आठवडे त्याने टेप लावून लपवलं होतं. त्याची आई आत्ताच गाडीची किल्ली घेऊन निघाली, मीही जातोय.

कोपरारक्षक:
जा, सावकाश जा. काय झालं ते कळवा.

(तीन दिवसांनी)

शनिवारकर:
करंगळीचं हाड तळहातात मोडलंय. ऑपरेशन नको म्हणाले, प्लास्टर घातलंय, चार आठवडे. डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही, अजून थोडं थांबलो असतो तर हाड वाकडंच जुळलं असतं म्हणाले.

कोचशी बोलणं झालं, पत्र नाही, त्यांच्या ऑफिसात समोर बसून. मावशी, तुमचा प्रश्न विचारला. ऑगस्टच्या पहिल्या मीटिंगला सगळ्यांची सही घेतली होती, त्यात लिहिलंय, हात उचलला तर दोन पूर्ण सामने, कारण काहीही असो. माझ्या मुलाची सही मला दाखवली. व्हिडिओही दाखवला, त्यात पाय दिसतो. तो त्यांनी आधीच कॉन्फरन्सकडे पाठवला होता, माझ्या मुलाने न सांगता.

एक गोष्ट मात्र मला अजून पटत नाही. ते म्हणतात प्लास्टर आहे तोवरचे सामने शिक्षेत धरणार नाही, खेळायला मोकळा झाला की त्यानंतरचे दोन. म्हणजे त्याचा सीझन संपला. मी वाद घातला. मुलगा शेजारीच बसला होता, तो म्हणाला, "बाबा, बास." मग मी गप्प बसलो.

गेटर_गल्ली:
हे कडक आहे. मला नाही पटलं.

कोपरारक्षक:
मला पटलं. पण पोराला टीमबरोबर बसमध्ये नेतात का?

शनिवारकर:
नेतात. या शनिवारी एक वाजता सामना आहे. त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा मुलगा उतरणार आहे आणि आमचा रेषेवर उभा राहून त्याला समोरची फॉर्मेशन ओरडून सांगणार आहे. कालपासून डाव्या हाताने वहीत त्यांच्या आकृत्या काढतोय, इतक्या वाकड्या की त्याची आई म्हणाली बालवाडीतली वही आणू का. मी जाणार आहे. शेंगा घेतल्यात, कोपरारक्षक.

रात्रपाळी:
एक वाजता म्हणजे आमच्याकडे साडेदहा, जागाच असेन. स्कोअर टाका.